दासोपंत

दासोपंत (जन्म : शके १४७३, इ.स. १५५१, समाधी : शके १५३७, इ.स. १६१५-१६) हे मराठीतील दत्तभक्त संतकवी, गीतेचे भाष्यकार व पदकार होते. त्यांचा उल्लेख 'सर्वज्ञ दासोपंत' असाही केला जातो. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई ही त्यांची कर्मभूमी होय. त्यांची प्रचंड वाङ्मयनिर्मिती राजाश्रयापेक्षा देवघर, उत्सव व शिष्यपरिवार यांच्या आधारे घडली आणि टिकली.

जन्म व पूर्वायुष्य

बेदर परगण्यातील नारायणपेठ येथील देशपांडे घराण्यात दासोपंतांचा जन्म झाला. वडिलांचे नाव दिगंबरपंत व आईचे पार्वतीबाई. दुष्काळामुळे सरकारी वसूल थकला, तेव्हा बेदर दरबाराने कोवळ्या वयातील दासोपंतांना ओलीस ठेवले व भरण्यासाठी मुदत दिली, अशी कथा चरित्रपरंपरेत येते. मुदत संपत असताना दत्ताजी पाडेवार या नावाच्या गृहस्थाने रक्कम भरून त्यांची सुटका केली. हा पाडेवार म्हणजे प्रत्यक्ष दत्तात्रेय, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. या प्रसंगानंतर दासोपंतांनी घर सोडले.

मातापूर म्हणजे आजचे माहूर येथे त्यांनी दीर्घकाळ साधना केली. पुढे गोदावरीकाठच्या राक्षसभुवन (ता. गेवराई, जि. बीड) येथे त्यांना दत्तपादुका प्राप्त झाल्याचे सांगितले जाते.

अंबाजोगाईतील वास्तव्य

योगेश्वरी देवीचे स्थान व मुकुंदराजांची समाधी यांमुळे अंबाजोगाई हे क्षेत्र प्रसिद्ध आहे. दासोपंत येथेच स्थिरावले. गावातील सीतोपंत त्यांचे शिष्य झाले व त्यांनी दासोपंतांच्या निवासाची सोय केली, असे परंपरा सांगते. पैठणचे एकनाथ हे त्यांचे ज्येष्ठ समकालीन. एकनाथ, रामा जनार्दन, बीडचे जनी जनार्दन, विठा रेणुकानंदन व दासोपंत यांना मिळून 'नाथपंचक' म्हटले जाते.

ग्रंथरचना

'गीतार्णव' हा दासोपंतांचा प्रमुख ग्रंथ. त्याची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९ हजार आहेत, हे लक्षात घेता या भाष्याच्या विस्ताराची कल्पना येते. 'गीतार्थबोधचंद्रिका', 'ग्रंथराज', 'पदार्णव' हे त्यांचे अन्य ग्रंथ आहेत. मराठीबरोबरच संस्कृतातही त्यांनी विपुल रचना केली. त्यांना लेखनासाठी रोज एका ढबूची शाई लागत असे, अशी आख्यायिका आहे. तिच्यातून लेखनाच्या वेगाबरोबरच त्यासाठी लागणाऱ्या खर्चाचीही जाणीव होते. कागद, शाई व नकला यांचा भार कोणीतरी उचलल्याशिवाय एवढे लेखन शक्य नव्हते.

पासोडी

'पंचीकरण' हे वेदान्तविषयक प्रकरण दासोपंतांनी कागदावर न लिहिता पासोडीवर, म्हणजे जाड पांघरुणाच्या कापडावर लिहिले. ही पासोडी सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद असल्याचे नमूद केले जाते. पंचमहाभूतांपासून सृष्टी व देह कसे घडतात, हा विषय तीत ओव्या व आकृत्यांच्या साहाय्याने मांडला आहे. पोथी एका वेळी एकाच वाचकापुढे उघडते. पसरलेली पासोडी मात्र अनेकांना एकत्र पाहता येते. मराठी हस्तलिखितांमध्ये ती एक असाधारण वस्तू मानली जाते.

पदे व उत्सवपरंपरा

दासोपंतांच्या पदांवर रागांचे निर्देश आढळतात. त्यावरून ही पदे वाचण्यापेक्षा गाण्यासाठी रचली गेली, हे स्पष्ट होते. मराठवाड्याच्या बहुभाषिक जीवनाला अनुसरून काही पदे हिंदी, कानडी व तेलुगू भाषांतही आहेत. त्यांनी दत्तात्रेयाचे सोळा अवतार वर्णिले व त्यांच्या जयंत्यांची परंपरा रुजवली. त्यामुळे भजन, कीर्तन व पदगायनाला वर्षभराचे निश्चित वेळापत्रक मिळाले. गायक, टाळकरी, श्रोते आणि प्रसादाची व्यवस्था पाहणारी घरे यांना ठरलेल्या तिथीला एकत्र आणणारी ही योजनाच होती.

वाङ्मयाचे जतन

दासोपंतांच्या पश्चात वंशजांची थोरले देवघर व धाकटे देवघर ही दोन स्थाने अंबाजोगाईत प्रसिद्ध झाली. पूजाअर्चेबरोबर हस्तलिखिते सांभाळण्याचे कामही याच परंपरेत झाले. निजामी अमलात गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि राज्यकारभारात मराठीला स्थान नव्हते. त्या काळातही या पोथ्या घरांतूनच राखल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी दासोपंतांच्या वाङ्मयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. वि. ल. भावे यांनीही 'महाराष्ट्र सारस्वत'मध्ये त्यांची दखल घेतली. तथापि 'गीतार्णव' अवाढव्य विस्तारामुळे दीर्घकाळ अमुद्रित राहिला आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ग्रंथांप्रमाणे तो घरोघरी पोहोचला नाही. दासोपंतांचे नाव जनमानसात जिवंत राहिले ते प्रामुख्याने पदे व उत्सव यांमुळे.

समाधी

माघ वद्य षष्ठी, शके १५३७ या दिवशी दासोपंतांनी अंबाजोगाई येथे देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच असून ही तिथी त्यांची पुण्यतिथी म्हणून पाळली जाते.