गुलाबराव महाराज : नवव्या महिन्यात गेलेली दृष्टी

संत गुलाबराव महाराजांच्या बहुतेक चरित्रांत एक घटना अगदी आरंभी येते आणि दोन ओळींत संपते. मूल नऊ महिन्यांचे असताना त्याच्या डोळ्यांत चुकीचे औषध घातले गेले आणि दृष्टी कायमची गेली. त्यानंतरची सारी पाने त्यांच्या अलौकिक बुद्धीने भरलेली असतात. प्रज्ञाचक्षू ही त्यांची पदवी आपल्याला पाठ असते, मात्र त्या पदवीच्या मुळाशी टाळता येण्याजोगा एक अपघात होता याकडे सहसा लक्ष जात नाही. आज अंधेरी-घाटकोपरच्या घराघरांतही डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या अर्ध्या वापरलेल्या बाटल्या पडून असतात. म्हणून त्या दोन ओळींपाशी थोडे थांबायला हवे.

गुलाबराव गोंदुजी मोहोड यांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या आजोळच्या गावी झाला. घराणे माधान येथील कुणबी शेतकऱ्यांचे. त्या काळी खेड्यात तान्ह्या मुलाचे डोळे आले, चिकटले किंवा लाल झाले, की घरातले किंवा गावातले कोणी सांगेल ते औषध घालण्याची रीत होती. कुठे मध, कुठे एखाद्या पाल्याचा रस, कुठे उगाळलेली मात्रा. यामागे माया असे, निष्काळजीपणा नव्हे. परंतु बुबुळावरचा पारदर्शक पडदा अतिशय नाजूक असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि त्याचे तंतू काटेकोर रचनेत बसलेले असतात म्हणूनच त्यातून प्रकाश आरपार जातो. दाहक किंवा दूषित पदार्थाने तिथे जखम झाली, की ती भरून येताना पांढरा व्रण राहतो. आपल्या आज्या त्यालाच डोळ्यात फूल पडणे म्हणत. तान्ह्या वयात हानी आणखी खोल जाते. पाहणे ही मेंदूने शिकण्याची विद्या आहे आणि ती पहिल्या काही वर्षांतच शिकली जाते. त्या काळात डोळ्यापर्यंत स्पष्ट चित्र पोचले नाही, तर पुढे डोळा दुरुस्त होऊनही पुरेसे दिसत नाही.

काळाचा योगायोग असा, की महाराजांच्या जन्मवर्षीच, १८८१ मध्ये, जर्मनीतील लाइपझिगच्या कार्ल क्रेडे या प्रसूतितज्ज्ञाने नवजात बालकांच्या डोळ्यांसाठीचा आपला उपाय प्रसिद्ध केला होता. जन्मताच सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावाचा एक थेंब घातला, की प्रसूतिमार्गातून होणारा आणि अंधत्व आणणारा संसर्ग टळतो, हे त्याने दाखवले. तो आजार निराळा होता, पण गोष्ट तीच, एका थेंबाची. द्राव कोणता, किती तीव्र आणि कोणत्या रोगासाठी, हे ठाऊक असण्यावर सारे अवलंबून होते.

गुलाबराव चार वर्षांचे असताना आई गेली. त्यानंतर काही वर्षे आजोळी आजीने सांभाळले. शाळेचा प्रश्नच नव्हता. गावातल्या भजनांतून आणि पोथ्यांतून जे कानावर पडे ते एकदा ऐकून स्मरणात राहू लागले. १८९६ मध्ये मनकर्णिका यांच्याशी विवाह झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा होते. १९०१ मध्ये ज्ञानेश्वर माउलींनी आपल्याला मांडीवर घेऊन नाममंत्र दिला अशी त्यांची श्रद्धा होती, आणि तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेऊ लागले. पुढे श्रीकृष्णाला पती मानून त्यांनी कुंकू-मंगळसूत्र धारण केले. त्यांनी मांडलेले मधुराद्वैत दर्शन याच भावातून उमलले.

त्यांच्या व्यासंगाकडे श्रद्धेबरोबर कुतूहलानेही पाहावे असे आहे. ते इतरांकडून ग्रंथ वाचून घेत. प्रवासातही ग्रंथांची ओझी बरोबर असत. वेदान्तापासून डार्विन आणि स्पेन्सर यांच्या विचारांपर्यंत त्यांनी ऐकले, तपासले आणि त्यावर आपली मते मांडली. मराठी, संस्कृत, हिंदी आणि वऱ्हाडी बोलीत मिळून त्यांच्या नावावर सव्वाशेहून अधिक ग्रंथ आहेत. त्यात मानसायुर्वेद हा वैद्यकाशी नाते सांगणारा ग्रंथही आहे. औषधानेच ज्याची दृष्टी गेली त्याने वैद्यकाचा असा विचार करावा, हे वाचताना मन क्षणभर थबकते. नावंग नावाची एक स्वतंत्र भाषा आणि एक सांकेतिक लिपीही त्यांनी रचली. जिने कागदावर अक्षर कधी पाहिले नाही अशा व्यक्तीला लिपीची ओढ लागावी, याचा उलगडा भक्तीपेक्षा उणिवेतून अधिक होतो असे मला वाटते.

याच सुमारास मुंबईत १९०० मध्ये ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली होती. पुढे ती दादरची शाळा म्हणून ओळखली गेली. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल ही अंधशाळा निघाली. पण माधानच्या तरुणाला हे सारे दूरच होते. सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरायला १९५१ साल उजाडावे लागले. बोटांनी वाचता आले असते तर महाराजांनी काय केले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. दुसरा कोणी वाचायला बसेल तेव्हाच त्यांचे वाचन होई.

अंध व्यक्तीला सूरदास किंवा प्रज्ञाचक्षू म्हणण्यात आदर आहे, पण कधीकधी एक सोयही आहे. आतला डोळा उघडला म्हटले, की बाहेरचा कोणी आणि कसा मिटवला हे विचारावे लागत नाही. महाराजांची थोरवी त्यांच्या अंधत्वाने दिलेली नव्हती. ती त्याच्याशी झगडून मिळवलेली होती, आणि असा झगडा जिंकणारे लाखांत एखादेच असतात.

उपनगरांत आजही चित्र फार बदललेले नाही. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली तेव्हा औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीशिवाय थेंब मागणाऱ्यांची रांग अनेकांनी पाहिली असेल. लाली झटकन उतरवणाऱ्या अशा थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. विषाणूंच्या किंवा बुरशीच्या जखमेत ते घातले तर जखम चिघळते. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्या मुलांना ते महिनोन्महिने घातले, की डोळ्यातला दाब निमूट वाढतो आणि काचबिंदूने दृष्टी जाते. दुखत काहीच नसते, म्हणून आईबापांना कळतही नाही. बाळाच्या डोळ्यांतले काजळ, शेजाऱ्याची उरलेली बाटली, उघडून महिना उलटलेले औषध, ही सगळी त्याच घराण्यातली. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलाच्या हाती लागून डोळ्यात फुटली, तर कोणतेही औषध शोधत न बसता स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि मग थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा.

चुन्याने होरपळलेल्या डोळ्यांचा उल्लेख अशासाठीही, की ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमौत्स या मोराव्हियातील गावी एडुआर्ड झिर्म या शल्यविशारदाने पहिले यशस्वी बुबुळरोपण केले ते चुन्यानेच दोन्ही डोळे गमावलेल्या एका मजुरावर. त्या वेळी गुलाबराव महाराज चोवीस वर्षांचे होते आणि विदर्भात त्यांचे ग्रंथलेखन चालू होते.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, वयाच्या ३४ व्या वर्षी. त्यांच्यानंतर बाबाजी महाराज पंडितांनी संप्रदायाची धुरा वाहिली. मागे राहिलेल्या हजारो पानांतले प्रत्येक अक्षर दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने उतरलेले होते.