पट्ट्यासाठी बरगड्या मोडून घेणारा डॉक्टर

नात्यातले एक तान्हे मूल शेकोटीत भाजून दगावले, त्याची शुश्रूषा करणाऱ्या तरुण जॉन पॉल स्टॅप यांनी तेव्हाच डॉक्टर व्हायचे ठरवले.

पुढे अमेरिकेच्या हवाई दलात वैद्यकीय अधिकारी असताना त्यांनी प्रयोगासाठी स्वतःचाच देह दिला. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर, पट्ट्यांनी जखडून घेऊन ते रुळांवरच्या अग्निबाण-गाडीत बसले. ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेग, आणि दीड सेकंदाच्या आत गाडी थांबलेली! डोळ्यांत रक्त उतरले, दिसेनासे झाले. पण माणूस जगला आणि दृष्टीही परतली.

हवाई दलाची माणसे विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातांत जास्त मरतात, हे त्यांच्या ध्यानी आले. मग मोटारीत पट्टे हवेत, हा त्यांचा ध्यास झाला. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन-सुरक्षेच्या कायद्यावर सही केली, तेव्हा स्टॅप हजर होते. १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे आले. आणि बांधायचे सोडून लोक त्यांवर बसू लागले!

आयुष्य बँकेत गेलेल्या मला याचे नवल वाटत नाही. तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडेच राहतात, कारण तपासनीस कधी दारात उभा राहील याचा नेम नसतो.

टेनेसी राज्याने १९७८ मध्ये लहान मुलांसाठी मोटारीत खास आसन सक्तीचे केले. मोठ्यांनी पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर दंड, हा कायदा न्यूयॉर्कने १९८४ मध्ये केला. बरगड्या मोडून घेऊनही जे लोकांना पटवता आले नव्हते, ते पोलिसाच्या पावतीपुस्तकाने पटू लागले. स्टॅप तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. १९९९ मध्ये ते वारले. राहत्या घरी, एकोणनव्वद वर्षांचे होऊन.