रोड्‌सचा मध्यस्थ : राल्फ बंच

पॅलेस्टाइनचा विषय निघाला की सेनापतींची व पंतप्रधानांची नावे ओळीने आठवतात. राल्फ बंच हे नाव मात्र सहसा कोणाच्या ओठी येत नाही. वास्तविक १९४९ साली त्या भूमीवरील तोफा थांबविणारे करार ज्यांच्या चिकाटीतून सिद्ध झाले, ते हेच गृहस्थ. ते राजकारणी नव्हते, सरदारही नव्हते. मसुदे लिहिणारे पगारी अधिकारी होते. आमचेही आयुष्य मसुद्यांतच चालले असल्याने आम्हांस त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटत आली आहे.

डेट्रॉइट येथील एका कृष्णवर्णीय केशकर्तनकाराचा हा मुलगा. आई लवकर गेली आणि लॉस एंजेलिसला आजीने त्यांस वाढविले. झाडलोटीचे काम करीत त्यांनी पदवी मिळविली. हार्वर्डला जाण्यास पैसे नव्हते, तेव्हा गावातील कृष्णवर्णीय मंडळींनी वर्गणी काढून एक हजार डॉलर जमविले. (परगावी वर्गणीचे मोल काय असते, हे मंडळाच्या सभासदांस आम्ही सांगावयास नको.) १९३४ साली ते राज्यशास्त्राचे डॉक्टर झाले. पुढे प्राध्यापकी, महायुद्धकाळातील सरकारी सेवा आणि नंतर संयुक्त राष्ट्रसंघ.

१९४७ साली पॅलेस्टाइनचे काय करावे हे ठरविण्यासाठी राष्ट्रसंघाने अकरा देशांची समिती नेमली. तीत भारतही होता. बहुमताने फाळणी सुचविली. भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी संघराज्याची वेगळी योजना मांडली. गंमत अशी की, या दोन्ही परस्परविरुद्ध अहवालांच्या मसुद्यांवर बंच यांचीच लेखणी चालली. स्वतःचे मत बाजूस ठेवून दुसऱ्याचे म्हणणे त्याला हवे तसे, पण निर्दोष लिहून देणे ही कला किती दुर्मीळ आहे, हे कचेरीत वर्षे काढलेल्यांसच ठाऊक.

आमसभेने फाळणीची योजना स्वीकारली आणि मे १९४८ मध्ये युद्ध भडकले. राष्ट्रसंघाने स्वीडनचे काउंट बर्नाडोट यांस मध्यस्थ नेमले. बंच त्यांचे प्रमुख साहाय्यक झाले. बर्नाडोटांनी दोनदा तात्पुरती युद्धबंदी घडविली. घरेदारे सोडून निघालेल्या लक्षावधी अरब निर्वासितांचे हाल पाहून त्यांनी अनेक देशांकडे अन्नाची याचना केली. या लोकांचा घरी परतण्याचा हक्क मान्य करावा, असे त्यांनी १६ सप्टेंबरच्या अहवालात नमूद केले. दुसऱ्याच दिवशी जेरुसलेममध्ये लेही या ज्यू अतिरेकी गटाने त्यांच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या. बर्नाडोट आणि शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल सेरो, दोघेही ठार झाले. ती जागा बंच यांची होती. प्रवासात खोळंबा झाल्याने ते वेळेवर पोहोचले नव्हते. मृत्यू असा हातभर अंतरावरून गेल्यावर तेच काम पुढे चालविण्याची आज्ञा त्यांस झाली, आणि त्यांनी ती स्वीकारली.

१३ जानेवारी १९४९ रोजी रोड्‌स बेटावरील ओतेल दे रोझ या हॉटेलात इजिप्त व इस्रायल यांची बोलणी सुरू झाली. एकाच छपराखाली असूनही प्रारंभी समोरासमोर बसण्याची तयारी नव्हती. बंच यांनी आधी केवळ कार्यक्रमपत्रिका पुढे केली आणि तिच्यावर दोघांच्या संमतीची मोहोर उमटवून घेतली. एकत्र बसण्याची व कागदावर सही करण्याची सवय लागावी, हा त्यांचा हेतू. अशी साधी युक्ती मोठमोठ्या मुत्सद्द्यांस सुचत नाही! फलूजा येथे वेढ्यात सापडलेल्या इजिप्शियन फौजेचा प्रश्न फार अवघड होता. त्या फौजेत तरुण अधिकारी नासर हेही होते. बोलणी तुटण्याच्या बेतास आली की बंच रात्र रात्र नवे मसुदे करीत, आणि मधल्या वेळात बिलियर्ड्‌स खेळत. त्यांनी प्रतिनिधींसाठी आठवण म्हणून नक्षीदार बशा करवून घेतल्या होत्या. करार न झाल्यास त्या तुमच्याच डोक्यावर फोडीन, असे ते थट्टेने म्हणत, अशी आख्यायिका आहे. २४ फेब्रुवारीस सह्या झाल्या. पाठोपाठ लेबनॉन, जॉर्डन आणि २० जुलैला सीरिया.

परंतु ही शस्त्रसंधी होती, शांतता नव्हे. आखलेल्या रेषा राजकीय सीमा नव्हेत, असे करारांतच लिहिले होते. निर्वासितांचा प्रश्न सलोखा आयोगाकडे गेला आणि लोझानच्या बैठकीत तो अडकून पडला. सात लाखांहून अधिक माणसे तंबूंत राहिली. त्यांच्यासाठी डिसेंबर १९४९ मध्ये राष्ट्रसंघाने तात्पुरती म्हणून एक मदतसंस्था स्थापिली. बंच यांच्या यशाचे वर्णन करताना ही बाजू झाकून ठेवणे आम्हांस रास्त वाटत नाही.

१९५० चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांस मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. नोकरीतील कर्तव्यासाठी बक्षीस कसले, म्हणून ते नाकारण्याच्या विचारात होते. सरचिटणीस ली यांनी त्यांस राजी केले. अमेरिकन सरकारने देऊ केलेले उच्च पद मात्र, वॉशिंग्टनमधील वर्णभेदापायी, त्यांनी नाकारलेच. नोबेल मिळाल्यानंतरही, १९५९ साली, न्यूयॉर्कच्या एका टेनिस क्लबने त्यांच्या मुलास वर्णावरून प्रवेश नाकारला होता.

सुएझनंतर, १९५६ साली, गाझाच्या सीमेवर राष्ट्रसंघाची शांतिसेना उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तीत आपले जवानही होते. मे १९६७ मध्ये नासर यांच्या मागणीवरून ती सेना मागे घेण्याचे ठरले. ती पुरती निघण्यापूर्वीच जूनमध्ये युद्ध पेटले आणि काही भारतीय जवान गाझात कामी आले. रोड्‌सच्या रेषा त्या सहा दिवसांत ओलांडल्या गेल्या. मधुमेहाने पोखरलेले, दृष्टी मंदावलेले बंच तरीही कचेरीत येत राहिले. ९ डिसेंबर १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या तात्पुरत्या मदतसंस्थेची मुदत आमसभा पुनःपुन्हा वाढवीतच होती.