वाणीची उपासना

वक्तृत्व ही उपजत देणगी असून ती लाभलेल्यानेच सभेत उभे राहावे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. कीर्तने आणि व्याख्यानमाला ऐकत वाढलेल्या समाजाला खणखणीत आवाजाचे मोल अधिक वाटावे, हे स्वाभाविकच होय. हेलन केलर यांचे चरित्र मात्र या समजाला छेद देते.

१८८० साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात जन्मलेल्या हेलन यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती एकोणिसाव्या महिन्यातच आजाराने हिरावून नेली. १८८७ मध्ये अ‍ॅन सलिव्हन या शिक्षिकेने बोटांच्या खुणांनी तळहातावर अक्षरे उमटवीत त्यांना भाषा दिली. नॉर्वेतील एक अंध-बधिर मुलगी बोलू लागल्याचे कळताच हेलन यांनीही तोच ध्यास घेतला. १८९० मध्ये बोस्टन येथे सेरा फुलर यांचे ओठ व जीभ बोटांनी चाचपून त्या एकेक ध्वनी शिकल्या. १९०४ साली पदवी मिळाली, तरी त्यांचे बोलणे परक्यास उमगत नसे. पुढे चार्ल्स व्हाइट या गायनशिक्षकाकडे त्यांनी स्वरसाधना केली.

१९१३ साली न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे त्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या, तेव्हा भीतीने मन गोठले आणि आवाज ताब्यात राहीना. भाषण संपताच, आपण हरलो या भावनेने त्यांना रडू कोसळले. तथापि व्यासपीठ त्यांनी सोडले नाही. पुढे नाट्यगृहांतून प्रेक्षकांचे प्रश्न तळहातावर घेऊन त्या मिस्कील उत्तरे देऊ लागल्या. १९२५ मध्ये लायन्स क्लबांच्या अधिवेशनात त्यांनी केलेल्या आवाहनानंतर अंधसेवा हे त्या संस्थेचे प्रमुख कार्य झाले. १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या भारतातही येऊन गेल्या. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा उच्चार अखेरपर्यंत सुस्पष्ट झाला नाही. शेजारी उभी असलेली सहकारी त्यांचे शब्द पुन्हा उच्चारी, आणि सभा तेवढा वेळ थांबे. आत्मविश्वास आला तो निर्दोष आवाजातून नव्हे, तर सांगण्याजोगे काही आहे या खात्रीतून.

आपल्या शाळांतूनही ऐकू कमी येणारे, बुजरे मूल मागच्या बाकावर गप्प बसलेले असते आणि वक्तृत्वस्पर्धेसाठी त्याचे नाव कोणी सुचवीत नाही. धीर त्याने धरावा हे खरेच. परंतु त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत श्रोत्यांनीही धीर धरावयास नको काय?