एका खोलीतील पहाट

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मरण करताना आपण त्यांच्या पदव्या मोजतो. त्या विद्वत्तेचा पाया परळच्या चाळीतील एका खोलीत घातला गेला, याचे स्मरण आम्ही या अंकात करू इच्छितो.

सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब साताऱ्याहून मुंबईस आले, तेव्हा त्या एकाच खोलीत चूल, सरपण, भांडीकुंडी आणि घरातली सारी माणसे होती. संध्याकाळी अभ्यासास ना जागा मिळे, ना शांतता. सुभेदारांनी त्यावर एक नेम घालून दिला. भीमरावांनी लवकर निजावे. स्वतः त्यांनी रात्री दोनपर्यंत जागावे, मुलास उठवावे आणि मग आपण आडवे व्हावे. घर झोपेत असताना मुलगा दिव्याशी वाचत बसे. जागेच्या अडचणीनेच पहाटेच्या अभ्यासाची सवय लावली.

शाळा सुटल्यावर घरी निवांतपणा नसे, म्हणून चर्नी रोडची बाग हीच त्यांची अभ्यासिका झाली. तेथे नित्य वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या वाटेवर लक्षावधी माणसे चालू लागली, त्या वाटेचे एक पाऊल त्या बागेतील बाकावर पडले होते.

पुढे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. पैसा बेताचा, जेवण तुटपुंजे. ग्रंथालय उघडताच आत जावे आणि ते बंद होईपर्यंत उठू नये, हा त्यांचा परिपाठ झाला. धम्मात ज्यास वीर्य म्हटले आहे, ते अशा रोजच्या नेमातून साठत जाते.

येथे एक भेद आम्हांस आवर्जून सांगावासा वाटतो. बाबासाहेबांनी अडचणींची पूजा केली नाही. खोली अपुरी होती, तिला त्यांनी सवयीने उत्तर दिले. परंतु शाळेत पाण्यास हात लावू न देणे ही अडचण नव्हती, तो अन्याय होता. तहान सोसण्याची सवय हे त्याचे उत्तर त्यांनी मानले नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी त्याचे उत्तर दिले.

बेलवलीच्या आपल्या वसतिगृहात नळावर रांग असते, खोलीत सोबती असतात, घर दूर असते. ही रांग वेळ पाळायला शिकवील, सोबती हळू बोलायला शिकवतील, दुरावा स्वतःचे काम स्वतः करायला शिकवील. मात्र जेथे आपल्या लेकराचा अवमान होईल, तेथे त्याला सोसायला शिकवू नये. काय सोसावे आणि कशाशी झुंजावे, हा विवेक देणे हेच पालकांचे, माजी विद्यार्थ्यांचे आणि आम्हां सर्वांचे कर्तव्य आहे.