लहुजी वस्ताद

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी हे तालुक्याचे गाव. सकाळी शाळेची वेळ झाली, की पाठीवर दप्तरे घेतलेल्या मुली घोळक्याघोळक्याने शाळेकडे निघतात. मुलींनी शिकावे, यात आज कोणास नवल वाटत नाही. परंतु त्यांची वाट निर्भय असावी, ही काळजी कळमनुरीत काय किंवा अन्य गावी काय, प्रत्येक घरात असते. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुणे शहरात पन्नाशी उलटलेल्या एका पहिलवानाने हीच काळजी आपल्या शिरावर घेतली होती. लहुजी राघोजी साळवे हे त्यांचे नाव. लोक त्यांना आदराने लहुजी वस्ताद म्हणत. वस्ताद म्हणजे तालमीतील गुरू.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या परिसरात एका मातंग कुटुंबात झाला. साळवे घराणे शौर्याबद्दल प्रसिद्ध होते. लहुजींना शस्त्रविद्येचे पहिले धडे त्यांचे वडील राघोजी यांच्याकडूनच मिळाले. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या परिसरात पेशवे आणि इंग्रज यांच्या फौजा एकमेकींस भिडल्या. त्या संग्रामात राघोजींना वीरमरण आले. लहुजी तेव्हा सुमारे तेवीस वर्षांचे होते. पुढे लवकरच पेशवाईचा अंत झाला. वडील गेले, स्वराज्यही गेले. हे दुःख लहुजींनी उरात जपले आणि संसाराच्या पाशात न पडता सारे आयुष्य लोकांच्या कामी लावण्याचे ठरविले.

१८२२ साली त्यांनी पुण्याच्या गंज पेठेत तालीम सुरू केली. जोर, बैठका आणि कुस्ती यांबरोबर दांडपट्टा, तलवार, घोडदौड व नेमबाजी यांचेही शिक्षण तेथे मिळे. परंतु या तालमीचे खरे वैशिष्ट्य निराळेच होते. जातीपातीच्या भिंती समाजात उंच उभ्या असता लहुजींच्या आखाड्यात मात्र निरनिराळ्या जातींचे तरुण एकाच मातीत अंग घुसळीत. जोतीराव फुले यांनी येथेच नेमबाजीचे शिक्षण घेतले. पुढे १८७९ साली इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव करणारे वासुदेव बळवंत फडके हेही लहुजींचेच शिष्य.

१८४८ साली जोतीरावांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींसाठी शाळा काढली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. स्त्रियांनी शिकणे हे पाप आहे, अशी त्या काळच्या बहुतेकांची समजूत. सावित्रीबाई शाळेकडे निघाल्या, की कोणी त्यांच्या अंगावर शेण टाकी, कोणी चिखल फेकी, तर कोणी खडे मारी. शाळेत गेल्यावर नेसण्यासाठी दुसरे लुगडे त्यांना बरोबर न्यावे लागे. शिक्षिकेची ही दशा, तर आपल्या मुली त्या वाटेने कोण धाडणार? एक एक घर भीतीने मागे सरले असते, तर शाळा ओस पडण्यास वेळ लागला नसता.

अशा वेळी लहुजी जोतीरावांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी दोन कामे केली. पहिले काम समजावण्याचे. पिढ्यान् पिढ्या विद्येपासून दूर ठेवलेल्या वस्त्यांत लहुजी आणि त्यांचे सहकारी राणबा हे फिरले. मुले शाळेत का पाठवावी, हे त्यांनी आपल्या लोकांना पटवून दिले. दुसरे काम रक्षणाचे. या शाळांना आणि तेथे शिकवणाऱ्यांना लहुजींच्या तालमीचा आधार होता, असे परंपरेने सांगतात. वाटेवर तालमीतले तरुण उभे असले, म्हणजे खडा उचलणारा हात आपोआपच खाली येई. कोणावर प्रहार करणे हा या पहाऱ्याचा हेतू नव्हता. प्रहार होऊच नये, हा होता.

लहुजींनी आपल्या नात्यातील मुक्ता या मुलीसही शाळेत घातले. या मुक्ता साळवे हिने कोवळ्या वयात आपल्या समाजाच्या दुःखावर एक निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. पेशवाईच्या काळी आपल्या लोकांस तालीमखान्यापुढून जाणेही प्राणावर बेतत असे, असे तिने त्यात सांगितले आहे. ज्या तालमीच्या दाराशी दुबळ्यांचा थरकाप उडावा, अशा तालमीही पुण्याने पाहिल्या होत्या. आता त्याच शहरात एका वस्तादाची तालीम शाळेची पाठराखीण झाली होती. बळ दोहींकडे सारखेच. फरक होता तो ते कोणासाठी वापरावयाचे, याचा.

हा फरक लहुजींनी जन्मभर ओळखला. ते स्वतः शस्त्रविद्येत निष्णात. परंतु केवळ मनगटाच्या जोरावर समाज उभा राहत नाही, हे त्यांना उमगले होते. ज्ञान नसेल, तर बळ आंधळे ठरते. बळ नसेल, तर ज्ञानाची वाट कोणीही अडवितो. म्हणून तालीम आणि शाळा ही दोन्ही त्यांनी आपली मानली.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लहुजी निवर्तले. पुण्यात संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे. त्यांनी मागे धन ठेवले नाही, की वाडे ठेवले नाहीत. तालमीतून तयार झालेली माणसे आणि शाळेत शिकलेली मुले हीच त्यांची पुंजी.

त्या काळी मुलींच्या वाटेवर तालमीतील तरुणांचा पहारा लागे. आज सरकारी शाळांतून मुलींनाही स्वसंरक्षणाचे शिक्षण दिले जाते. पवित्रा कसा घ्यावा, पकड कशी सोडवावी, संकटात मोठ्याने साद कशी घालावी, हे त्या स्वतः शिकतात. ही मोठीच प्रगती होय. तथापि वाटेवरच्या माणसांचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही. कोणी दुबळ्यास छळीत असता पाहणाऱ्याने मान फिरवू नये, पुढे होऊन त्याच्या शेजारी उभे राहावे, हा लहुजींच्या तालमीतला खरा डाव. तो शिकण्यास आखाड्यात उतरावे लागत नाही. मन मात्र घट्ट करावे लागते.