म्हाइंभटांचे जीवन : समजूत आणि निश्चयज्ञान

मनुष्य ज्याला आपले ज्ञान म्हणतो त्याचा पुष्कळसा भाग वस्तुतः ऐकीव समजुतीचा असतो. घरी ऐकले, वडीलधाऱ्यांनी सांगितले, चारचौघे तसेच मानतात, म्हणून आपणही मानतो. अशी समजूत खरी असू शकते. परंतु तिचे खरे असणे वेगळे आणि तिच्या खरेपणाचा आपणास निश्चय झालेला असणे वेगळे. हा भेद केवळ तार्किकांच्या उपयोगाचा आहे असे नाही. ज्याने परमेश्वरप्राप्तीसाठी घरदार सोडले, त्याच्या आचाराचा पाया समजुतीचा आहे की निश्चयाचा, हा त्याच्या जन्माच्या सार्थकतेचा प्रश्न आहे. लीळाचरित्रकार म्हाइंभट यांचे जीवन या दृष्टीने साधकाने अवश्य मनन करावे असे आहे.

म्हाइंभट हे मूळचे सराळे गावचे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात शास्त्रविद्येला मोठी प्रतिष्ठा होती, आणि त्या विद्वत्समाजात त्यांची गणना प्रथम पंक्तीत होत असे. पूर्वमीमांसेतील प्रभाकरमत हा त्यांचा विशेष विषय होता. विद्येसोबत अभिमानही वाढला. इतर पंडित आपल्यापुढे तृणवत् आहेत हे दर्शविण्यासाठी ते पायात गवत बांधीत व भरदिवसा दिवटी लावून हिंडत, अशी आख्यायिका परंपरेने जपली आहे. अशा पुरुषाला आपल्या ज्ञानाविषयी शंका येण्याचे कारणच नव्हते. आणि म्हणूनच ते ज्ञान कसाला लागले नव्हते.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे डोंबेग्रामी वास्तव्य असताना म्हाइंभट त्यांच्याकडे वाद करण्याच्या हेतूने आले. तेथे त्यांचा पराभव झाला, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. परंतु हा पराभव एखाद्या अधिक पाठांतर असलेल्या पंडिताकडून झालेला नव्हता. तसा असता तर म्हाइंभटांनी आणखी चार ग्रंथ वाचून पुन्हा वादास उभे राहण्याची तयारी केली असती. ते येथे उमजले ते वेगळेच. मोक्षाचे लक्षण सांगता येणे आणि मोक्षमार्ग जाणणे यांत अंतर आहे. शास्त्राचे शब्द मुखी असताना त्या शब्दांचा विषय आपण कधी ओळखलाच नाही, ही जाणीव विद्वानाला सर्वांत जड जाते. आपल्या तत्त्वज्ञानात ज्याला अन्यथाज्ञान म्हटले आहे, ते अज्ञानाहून घातक ठरते ते याचसाठी. अज्ञानी मनुष्य विचारतो. अन्यथाज्ञानी विचारीत नाही.

तथापि बोध झाला म्हणजे जीवनपालट पूर्ण झाला असे नव्हे. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर आचार्य श्रीनागदेव तथा भटोबास हे मार्गाचे आधारस्तंभ झाले, आणि भक्तपरिवार ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला. म्हाइंभट त्या परिवारात आचार्यांचे निकटवर्ती झाले. एकेकाळचा दिग्विजयी पंडित आता सेवेकऱ्यांतील एक सेवेकरी होता. त्यांच्या जीवनातील खरे कार्य येथून सुरू झाले.

स्वामींच्या वियोगात आचार्यांचा नित्यक्रम लीळास्मरणाचा होता. हे स्मरण चालू असलेले पाहून म्हाइंभटांनी त्याविषयी पृच्छा केली, आणि या लीळा लिहून ठेवल्यास पुढील पिढ्यांस त्यांचा आधार होईल, असा विचार मांडला. त्यांच्या मनातील चिंता समजण्यासारखी आहे. ज्यांनी सन्निधान अनुभवले होते, ती माणसे एकेक करून जाणार होती. त्यांच्यानंतर येणाऱ्यांजवळ काय उरणार? भक्ती उरेल, श्रद्धा उरेल. परंतु ती श्रद्धा कोणत्या वस्तूवर आहे, हे सांगणारे कोणी उरणार नाही. ऋद्धिपूरच्या वाजेश्वरी या स्थानी सुमारे ६ महिने आचार्य सांगत गेले आणि म्हाइंभट लिहीत गेले.

आचार्यांसारख्या अधिकारी पुरुषाने सांगितलेले लिहून घेतल्यावर दुसऱ्या कोणालाही ग्रंथ पूर्ण झाला असे वाटले असते. म्हाइंभटांना तसे वाटले नाही. आचार्य प्रत्येक प्रसंगी उपस्थित असणे शक्य नव्हते. काही लीळा त्यांच्यासमोर घडल्या होत्या, काही त्यांनी इतरांकडून ऐकल्या होत्या. म्हणून म्हाइंभट ज्या ज्या भक्तांच्या समक्ष लीळा घडल्या होत्या, त्यांच्याकडे स्वतः गेले. त्यांत विद्वान होते तसे साधे ग्रामस्थही होते, पुरुष होते तशा स्त्रियाही होत्या. येथे शास्त्रज्ञतेचा काही उपयोग नव्हता. ज्याने पाहिले तो अधिकारी, एवढाच नियम होता. एकेकाळी पंडितांना तृण मानणारा हा पुरुष अक्षरशून्य साक्षीदारापुढे जिज्ञासू होऊन बसला, हीच त्याच्या बोधाची खरी खूण होय.

येथे प्रभाकरमताची एक गोष्ट सहज आठवते. त्या मतानुसार शिंपीवर चांदीचा भास होतो तेव्हा पुढील वस्तू दिसणे हा अनुभव असतो व चांदी ही स्मृती असते. दोहोंतील भेद न कळणे हाच भ्रम. अनुभूती हे प्रमाण, स्मृती हे प्रमाण नव्हे, असेही ते मत मानते. म्हाइंभटांनी हे कोवळ्या वयापासून घोकले असेल. परंतु पाहिलेले कोणते, ऐकलेले कोणते, आठवणीने जोडलेले कोणते, हे प्रत्यक्ष निवडण्याचे काम त्यांच्या वाट्याला उत्तर वयात आले. शास्त्राचा अर्थ त्यांना सेवेने उलगडला, असे मला वाटते.

या परिश्रमाचे फळ म्हणजे लीळाचरित्र. एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा त्याच्या रचनेत स्थळ, सोबतचे भक्त, प्रसंगाचे कारण हे सर्व नोंदलेले आढळते. म्हाइंभटांचे स्वतःचे डोंबेग्रामचे प्रसंगही त्यात आहेत. ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने आपला कमीपणा न झाकणे, हा ग्रंथाच्या विश्वसनीयतेचा मोठा पुरावा होय. पुढे श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनी सिद्ध केले.

चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली. नंतर ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्या स्मरणावरून ते पुन्हा सिद्ध झाले. त्या वेळी हिराइसादिकांचे पाठ वेगळे नोंदले गेले, आणि भिन्न स्मरणे एकत्र करून एकच गुळगुळीत कथा करण्याचा मोह टाळला गेला. मतभेद जेथे आहे तेथे तो दाखवावा, हा म्हाइंभटांचाच वारसा होय. केशिराजबासांनी लीळांतून स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ केला तो याच भूमीवर उभा आहे.

सूत्राचा अर्थ त्याच्या प्रकरणावरून करावा, असे आपण शिकतो व शिकवतो. तरीही सूत्र मुखोद्गत आहे, परंतु ते कोठे, कोणास, कोणत्या प्रसंगी निरूपिले हे ठाऊक नाही, अशी स्थिती पाठशाळेत वारंवार दिसते. प्रस्तुत लेखकानेही एका सूत्राचा अर्थ कित्येक वर्षे ऐकला तसाच सांगितला; लीळेशी ताडून पाहिल्यावर तो प्रसंगाला सोडून होता असे आढळले. श्रोत्यांनी शंका घेतली नव्हती, कारण सांगणाऱ्याच्या आवाजात निश्चय होता. आवाजातला निश्चय आणि ज्ञानातला निश्चय एक नव्हेत.

एवढे करूनही साधकाने आपली मर्यादा ओळखावी. कितीही शोधून घेतलेली लीळा आपल्यासाठी शब्दज्ञानच आहे. अपरोक्ष ज्ञान देणे हे परमेश्वराधीन आहे. म्हाइंभटांनी आपणास सन्निधान दिले नाही, देऊ शकतही नव्हते. त्यांनी दिले ते एवढेच की आपले स्मरण खऱ्या लीळेचे असावे, कल्पिलेल्या लीळेचे नसावे. श्रद्धेला याहून अधिक शुद्ध आधार मनुष्य मनुष्याला देऊ शकत नाही.